फुलांखालचा शब्दकोश

माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच पुसली गेली, म्हणून आधी ओळख करून देतो. मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. जाडजूड, कडांना पिवळा पडलेला, आणि उघडला की थोडा कापराचा, थोडा वरणाचा वास येणारा. हे दोन्ही वास माझ्यात कसे आले, तेच आज सांगायचं आहे.

सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. शब्दकोशाला स्वतःची गोष्ट नसते, असं मला नेहमी वाटत आलं. लोक येतात, एखादा शब्द विचारतात आणि निघून जातात. शिवाय माझ्या पोटात कितीतरी ठिकाणी 'बहुधा' असं छापलेलं आहे, आणि काही ठिकाणी 'मूळ नक्की ठाऊक नाही' असंही. ज्याच्या पोटातच असं लिहिलेलं, त्याने ठामपणे काय सांगावं? तरी सांगतो. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून एकेक ओळ उभी करत. माझा कागद पातळ, अक्षर बारीक. मी काही फार मोठा कोश नव्हतो. माझ्यापेक्षा थोर कोश त्याच छापखान्याच्या कपाटात होते. पण माझ्यात एक गोष्ट होती. प्रत्येक शब्दाच्या अर्थानंतर एक छोटा कंस होता, आणि त्या कंसात तो शब्द मुळात कुठून आला ते दिलेलं होतं. शब्दाचा अर्थ म्हणजे तो आज जिथे राबतो ते त्याचं सासर. कंसातली माहिती म्हणजे त्याचं माहेर. निदान मी तरी तसं समजतो.

माझ्यातल्या कितीतरी शब्दांचं माहेर लॅटिन आहे. लॅटिन ही जुन्या रोमची भाषा. ती घराघरांत बोलणारी माणसं केव्हाच गेली, पण त्यांचे शब्द इंग्रजीच्या घरी पाहुणे म्हणून आले आणि राहिले. स्ट्रीट, वॉल, किचन, कॅंडल हे तर इतके जुने पाहुणे, की आता त्यांना पाहुणे म्हटलं तर लोक हसतील.

किती हात बदलून मी खामगावच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात पोचलो, ते मला नीट आठवत नाही. तिथून मला शालिग्राम गुरुजींनी घेतलं आणि मांडीवर ठेवून एसटीने धामणगाव बढ्याला आणलं. ते तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत. फार बुजरे होते. शिक्षकांच्या खोलीत बसले तर खिडकीकडे तोंड करून बसत. पण वर्गात मला उघडलं, की त्यांचा आवाज बदलायचा.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. ते आधी अर्थ सांगत नसत, आधी माहेर सांगत. शक्य असेल तर त्या माहेरची वस्तूच वर्गात आणायला लावत. 'व्हॅक्सीन' हा शब्द आला तेव्हा त्यांनी अख्खा वर्ग शेजारच्या गोठ्यासमोर नेऊन उभा केला होता, कारण लॅटिनमध्ये 'व्हाका' म्हणजे गाय. देवीची पहिली लस गाईच्या आजारावरून सापडली, म्हणून लसीच्या नावात गाय बसली आहे. पोरांना ते आयुष्यभर लक्षात राहिलं. मुख्याध्यापकांना मात्र वर्ग रस्त्यावर काऊन, असा प्रश्न पडला होता.

एकदा 'रायव्हल' शब्द निघाला. आज त्याचा अर्थ प्रतिस्पर्धी. गुरुजींनी माझा कंस वाचला. लॅटिनमध्ये 'रीवस' म्हणजे ओढा, आणि एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल. मधल्या बाकावरचा गोकुळ नावाचा मुलगा हळूच उभा राहिला.

"म्हंजे गुरुजी, आमचा बाबा आन् दीपकचा बाबा?"

वर्ग हसला, कारण त्या दोघांचं ओढ्याच्या पाण्यावरून चाललेलं भांडण गावाला माहीत होतं. गोकुळच्याच बाकावर बसलेला दीपक मान खाली घालून म्हणाला, "तं मंग तिथंही पाइपच कापत असतीन एकमेकायचे."

गुरुजीही हसले. मग म्हणाले, की हजारो कोसांवरच्या, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं भांडण आपल्या ओढ्यावर सापडलं, आता हा शब्द परका राहिला का? गोकुळ आणि दीपक तेव्हापासून एकमेकांना 'रायव्हल' म्हणूनच हाका मारू लागले.

त्या वर्षी निवडणूक होती. 'कॅंडिडेट'चं मूळ 'कॅंडिडस', म्हणजे शुभ्र पांढरा. रोममध्ये निवडणुकीला उभी राहणारी माणसं पांढरीशुभ्र वस्त्रं घालून फिरत. हे ऐकल्यावर मुलं दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येक इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघत होती. 'सॅलरी'च्या कंसात मीठ आहे, तेही गुरुजींनी सांगितलं. पण शिपायांना पगार म्हणून मीठच देत असत, अशी एक गोष्ट लोक सांगतात, ती त्यांनी सांगितली नाही. "ते आपल्या पुस्तकात नाही," म्हणाले, "म्हणून मी खात्रीने म्हणणार नाही." त्या दिवशी मला गुरुजी फार जवळचे वाटले.

मित्रांनो, ती माझी उमेदीची वर्षं होती. रोज पानं उलटली जायची. गुरुजी जेवतानाही मला ताटाशेजारी ठेवत, आणि वरणाचे शिंतोडे माझ्यावर उडत. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई त्यावरून त्यांना बोलत. मला त्या डागांचं कधी वाईट वाटलं नाही.

पुढे गुरुजी थकले. त्यांना मूलबाळ नव्हतं. अखेरच्या दुखण्यात त्यांनी गोकुळला बोलावून घेतलं आणि मला त्याच्या हातात दिलं. गोकुळ तोवर शेती सांभाळणारा, लग्न झालेला माणूस होता. गुरुजींना फार बोलवत नव्हतं. "हे तुझं," इतकंच म्हणाले.

गोकुळचं गुरुजींवर मनापासून प्रेम होतं, आणि पुढचं सगळं त्या प्रेमातूनच झालं. हे मी मुद्दाम आधी सांगतो, म्हणजे तुम्ही त्याला दोष देणार नाही.

माझी शिवण तेव्हा सैल झाली होती. गोकुळ मला गुलजारभाईंकडे घेऊन गेला. गुलजारभाई गावातले जिल्दसाज. शाळेची हजेरीबुकं, भजनाच्या वह्या, मदरशातली पुस्तकं, सगळं त्यांच्याकडेच बांधायला यायचं. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "गोकुळभाऊ, किताब ठेवाची हाय का वाचाची?"

गोकुळला प्रश्न कळला नाही. तेव्हा गुलजारभाईंनी समजावलं. ठेवायचं पुस्तक असेल तर ते घट्ट शिवतात, पाठ कडक करतात, मग ते वर्षानुवर्षं तसंच्या तसं राहतं. वाचायचं असेल तर शिवण जरा सैल ठेवावी लागते, म्हणजे पुस्तक पूर्ण उघडून आडवं पडतं. पण ते लवकर झिजतं.

"ठेवाची," गोकुळ म्हणाला. "गुरुजीची आठवण हाय."

गुलजारभाईंनी मला घट्ट शिवलं. काम चोख केलं. त्यानंतर मला मधोमध उघडलं, तरी हात काढताच मी फटकन मिटायचो.

घरी आल्यावर गोकुळच्या पत्नीने, आशाबाईंनी, माझ्यासाठी लाल कापड काढलं. मला त्यात गुंडाळून देवघरात पोथ्यांच्या चवडीत ठेवण्यात आलं. रोज सकाळी माझ्यासमोर उदबत्ती, सणाला कापूर. आंघोळ केल्याशिवाय मला कोणी शिवायचं नाही. खंडेनवमीला विळे, कुदळी, फवारणीचा पंप, सगळं धुऊनपुसून मांडलं जाई, आणि त्यांच्या मधोमध पाटावर मी. माझ्यावर हळदकुंकू, माझ्यावर झेंडूचा हार. आलेल्या पाहुण्यांना गोकुळ सांगायचा, हे आमच्या गुरुजींचं पुस्तक. पाहुणे वाकून नमस्कार करायचे.

इतका मान कोणत्या शब्दकोशाला मिळाला असेल? मी कृतघ्न नाही. पण शब्द विचारायला मात्र कोणी आलं नाही. पुस्तकाकडे दुर्लक्ष झालं, की त्यावर धूळ बसते असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्यावर धूळ कधीच बसली नाही. माझ्यावर फुलं होती. फुलांखालीही पुस्तक विसरलं जातं, हे मला तिथे कळलं. आणि आपल्याला असं वाटतंय म्हणजे आपणच कुठेतरी चुकतोय, असंही मनात यायचं. देवघरात बसून तक्रार करणारा मी कोण?

अशी कितीतरी वर्षं गेली. गोकुळची मुलगी प्रतीक्षा मोठी झाली आणि बुलढाण्याला नर्सिंगच्या शिक्षणाला गेली. त्यांच्या घरातून बाहेरगावी शिकायला जाणारी ती पहिलीच. गोकुळ तिला वसतिगृहात सोडून आला त्या दिवशी त्याने देवापुढे पेढे ठेवले. एक माझ्यापुढेही ठेवला.

पण पहिल्या वर्षी ती शरीररचनेच्या विषयात नापास झाली. पेपर इंग्रजीत, आणि हाडांची, स्नायूंची नावं म्हणजे तिच्यासाठी नुसते आवाज. ती ते पाठ करायची आणि ते निसटायचे. फोनवर अर्थ बघितला, तर तिथे मराठीत 'जत्रुक' असं काहीतरी यायचं, तेही तिला ठाऊक नसायचं. फेरपरीक्षा दसऱ्यानंतरच्या आठवड्यात होती. ती नवरात्रात घरी आली, आणि स्वयंपाकघरात आईला जे म्हणाली, ते मी देवघरातून ऐकलं.

"आई, यंदा नाई जमलं तं मी पेटी घेऊन वापस येतो. बाबाले तूच सांगजो."

आशाबाईंनी पोळपाट बाजूला सारला. मग म्हणाल्या, की परीक्षा तर होऊ दे. आवाजावरून मला कळलं, की त्यांनी ते मनाने मानलं आहे. गावात चार लोक चार गोष्टी बोलत होते, मोताळ्याकडून एक स्थळही सांगून आलं होतं. गोकुळला यातलं काही माहीत नव्हतं. तो गावभर सांगत फिरत होता, की आमची पोरगी दवाखान्यात सिस्टर होणार.

खंडेनवमीच्या सकाळी आशाबाईंनी प्रतीक्षाला माझं कापड बदलायला सांगितलं. जुनं कापड तेलकट झालं होतं. ती ओट्यावर बसली, तिने गाठ सोडली आणि मी पुष्कळ दिवसांनी उजेड पाहिला. तिने सहज पान उघडलं. मी मिटू लागलो, म्हणून तिने गुडघ्याने दाबून धरलं. तिच्या मनात पाठ करायचे शब्द घोळतच होते. तिने 'पटेला' शोधला. गुडघ्यावरचं गोल हाड. मग तिची नजर कंसावर गेली. लॅटिन, लहान ताटली.

ती थांबली. स्वतःशीच म्हणाली, "म्हंजे गुडघ्याची वाटी." आणि मग जरा मोठ्याने, जणू कोणाला विचारत असावी तशी, "हे तं आपणच म्हणतो."

मग तिने 'क्लॅव्हिकल' काढला. लहान किल्ली. तिने आपल्या खांद्यापुढचं हाड चाचपलं. 'टिबिया' म्हणजे बासरी, नडगीचं हाड. 'पेल्व्हिस' म्हणजे घंगाळ. 'रेडियस' म्हणजे चाकाचा आरा. 'मसल' म्हणजे उंदराचं पिल्लू. दंड वाकवला की कातडीखाली पळतं ते. ती ओट्यावर बसून आपला दंड वाकवून बघत होती आणि हसत होती. मित्रांनो, माझ्या कडक पाठीत त्या वेळी जी कळ गेली, ती मला फार गोड वाटली.

तेवढ्यात पूजेची वेळ झाली. आशाबाईंनी मला नव्या कापडात बांधलं. प्रतीक्षाची कॉलेजची पुस्तकंही पाटावर आली. आता दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत पाटावरच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा त्या घरचा नेम. विळासुद्धा त्या दिवशी उचलत नसत.

दुपारी प्रतीक्षाने वडिलांना विचारलं. पूजा उतरल्यावर गुरुजींचं पुस्तक ती बुलढाण्याला नेऊ का? गोकुळ चकितच झाला. तो चिडला नाही, पण त्याला ते पटेना. वसतिगृहात मुली पुस्तकं पलंगाखाली ठेवतात, त्यावर चहाचा कप ठेवतात, हे त्याने स्वतः पाहिलं होतं.

"तुले पाहिजे तं नवीन आणून देतो, बाप्पा," तो म्हणाला. "पन हे नको मांगू. हे पूजेतलं हाय."

प्रतीक्षा उठून भांडी आवरू लागली. परीक्षेचं खरं भय ती वडिलांना सांगू शकत नव्हती, आणि ते सांगितल्याशिवाय तिच्या मागण्याला वजन येत नव्हतं. मी पाटावर हाराखाली होतो. मला बोलता आलं असतं, तरी कोणाची बाजू घेतली असती, कोण जाणे.

दसऱ्याच्या दिवशी मनकर्णाबाई गोकुळकडे जेवायला आल्या. एरवी गोकुळच आपट्याची पानं घेऊन त्यांच्या घरी जायचा, पायावर डोकं ठेवायचा आणि परत यायचा. त्या वर्षी त्यांचा पुतण्या सासुरवाडीला गेला होता, म्हणून त्याने त्यांना आग्रहाने आणलं. त्या आता खूप वाकल्या होत्या. जेवण झाल्यावर देवाला नमस्कार करायला त्या देवघराशी आल्या आणि पाटाकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे त्याईचं पुस्तक व्हय का रे, गोकुळ?"

"हाव, काकू." गोकुळच्या आवाजात अभिमान होता. "तवापासून देवघरातच हाय. कोणाले हात लावू नाई देल्ला. तुमच्या प्रतीक्षानं मांगलं, तिलेही नाही म्हनलं."

मनकर्णाबाईंनी हाराखालचं पुस्तक वाकून न्याहाळलं. मग म्हणाल्या, "आन् तू? तू वाचतं का नाई?"

त्या पाटाशी बसल्या. गुडघ्यावर हात टेकवून, हळूहळू. प्रतीक्षा त्यांना आधार द्यायला पुढे झाली.

"मेलेल्या मानसाच्या फोटोले हार घालते न लोक," त्या म्हणाल्या, "तसा तू याले घातला, बापा. ते गेले. पुस्तकाले काऊन मारून टाकलं?"

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. मनकर्णाबाईंचा स्वर चढला नव्हता. त्या पुढे सांगत राहिल्या, तेही अगदी सहज, जुनी गंमत सांगावी तसं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पण गुरुजी जेवता जेवता एकेक शब्द सांगायचे. डोळ्याच्या काळ्या बुबुळात मधोमध जो ठिपका असतो, त्याला आपण बाहुली म्हणतो. कारण कोणाच्या डोळ्यात जवळून पाहिलं, तर तिथे आपली बाहुलीएवढी आकृती दिसते. इंग्रजीतल्या 'प्युपिल' या शब्दाचं मूळही बाहुलीच, असं गुरुजींनी त्यांना एकदा सांगितलं होतं. "मी म्हनलं, खोटं बोलता. तं त्याईनं पुस्तक दाखोलं. मले काय वाचता येते? पन दाखोलं. वरनाच्या हातानं." त्या हसल्या. "त्या पानावर पिवया डाग असन पाय. मी लय बोलली होती."

उत्तरपूजा झालेली होती. तरी गोकुळने हात पुन्हा धुतले, माझ्यावरचा हार काढला, गाठ सोडली आणि मला प्रतीक्षाकडे दिलं. तिने पान काढलं. मी मिटत होतो, तिने दोन्ही हातांनी धरलं. डाग होता. कंसाच्या अगदी जवळ.

तेव्हा प्रतीक्षाला रडू फुटलं, आणि जे आईजवळ बोलली होती ते तिने वडिलांसमोर सांगून टाकलं. नापास होण्याची भीती, पेटी घेऊन परत येण्याचा विचार, सगळं. गोकुळ ऐकत राहिला. तो तिला रागावला नाही. धीराच्या मोठ्या गोष्टीही त्याने सांगितल्या नाहीत. तो उठून स्वयंपाकघरात गेला, आणि येताना त्याच्या हातात पितळेची लहान ताटली होती. मग मागच्या अंगणातून घंगाळ आणलं. दाराच्या कुलपाची किल्ली काढली. बासरी घरात नव्हती, म्हणून शेजारच्या पोराची पिपाणी मागून आणली. सगळं प्रतीक्षासमोर मांडलं आणि खाली बसला.

"गुरुजी असंच शिकवे," तो म्हणाला. "सांग आता. यातलं कोनतं हाड कुठचं हाय?"

तिने डोळे पुसले. ताटली उचलून गुडघ्यावर ठेवली. मनकर्णाबाई भिंतीला टेकून बघत होत्या. आशाबाई म्हणाल्या, की घंगाळ तेवढं लवकर सोडा, पाणी भरायचं आहे.

दुसऱ्या दिवशी गोकुळ मला गुलजारभाईंकडे घेऊन गेला. ते आता म्हातारे झाले होते, चष्मा जाड झाला होता, पण आपली शिवण त्यांनी ओळखली. "ठेवाची होती न हे?"

"वाचाची करून द्या," गोकुळ म्हणाला.

आपलीच पक्की शिवण उसवताना गुलजारभाई पुटपुटत होते, की एवढं चांगलं काम उसवायला लावणारं गिऱ्हाईक आजवर भेटलं नाही. पण त्यांनी पाठीतली कडक पट्टी काढली, शिवण सैल घातली, आणि मला मधोमध उघडून फळीवर ठेवलं. मी तसाच उघडा राहिलो. मिटलो नाही. श्वास घेणं म्हणजे काय, हे पुस्तकाला विचारलंत, तर मी त्या क्षणाचं नाव सांगेन.

प्रतीक्षा मला बुलढाण्याला घेऊन गेली. फेरपरीक्षेत ती पास झाली. मोठे गुण नव्हते, पण पास झाली. हे माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. अभ्यास तिने केला, ताटल्या-किल्ल्या बापाने मांडल्या. पेटी घेऊन परत जाण्याची गोष्ट मात्र पुन्हा निघाली नाही. मोताळ्याच्या स्थळाला गोकुळनेच थांबा म्हणून निरोप धाडला.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि वॉर्डात कामाला जाते. मी वसतिगृहातल्या तिच्या टेबलावर असतो. परवा ती दमून आली, हात धुतले आणि सरळ मला उघडलं. वॉर्डात एक म्हातारे शेतकरी तापात काहीबाही बडबडत होते. डॉक्टरांनी कागदावर 'डिलिरियम' लिहिलं होतं. तिने शब्द काढला. अर्थ होता वातभ्रम, भान हरपणं. कंसात लिहिलं होतं, लॅटिन 'लीरा', म्हणजे नांगराने काढलेली सरळ रेघ. ती सोडून भलतीकडे जाणं, ते डिलिरियम.

नांगराची ती रेघ म्हणजे आपल्याकडचं तास. प्रतीक्षा शेतकऱ्याच्या घरची. ती त्या कंसाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते तिने आपल्या खोलीतल्या मैत्रिणीला, राबियाला सांगितलं, म्हणून मला कळलं. त्या आजोबांची बायको मंजुळाबाई पलंगाच्या पायाशी बसून रडत होती. माणसाला वेड लागलं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. प्रतीक्षा तिच्याजवळ बसली.

"आजी, वेड नाई लागलं," ती म्हणाली. "नांगर तासातून सरकला हाय. ताप उतरला का येते वापस तासात."

मंजुळाबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "मंग बैलाले मारू नाई न?"

"नाई. ओरडू नका त्याईवर, नुसतं जवळ बसा. नाव घेऊन बोलत राहा."

ती बाई उठून उशाशी जाऊन बसली आणि नवऱ्याच्या कानाशी गावातल्या गोष्टी सांगू लागली. कोणाची सोयाबीन निघाली, कोणाची गाय व्यायली. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तो औषधाने उतरला, माझ्या कंसाने नाही. पण ती रात्र त्या बाईने भिऊन काढली नाही, एवढं मला कळतं.

प्रतीक्षा हे सांगत असताना राबिया मला चाळत होती. तिला कोणतातरी शब्द हवा होता. घाईत तिच्या हातून माझं एक पान फाटलं. बिचारी इतकी घाबरली, की फाटलेल्या कडा बोटांनी जुळवून धरून बसली. तिच्या घरी पवित्र पुस्तक उंच फळीवर, जुजदानात, म्हणजे कापडी वेष्टनात, बांधून ठेवतात. अशा मानाच्या पुस्तकाचं फाटलेलं पान तिने कधी पाहिलंच नव्हतं. प्रतीक्षाने पान पाहिलं, खिशातून वॉर्डातली पांढरी चिकटपट्टी काढली आणि जखमेला लावतात तशी, दोन्ही बाजूंनी, हलक्या हाताने लावली.

"झालं ड्रेसिंग," ती म्हणाली. "पेशंट बरा हाय. तुझा शब्द सांग."

मित्रांनो, तुमच्या घरातही असं एखादं पुस्तक असेल. कोणाची आठवण म्हणून, किंवा फार मोठं म्हणून, उंचावर ठेवलेलं. त्याला नमस्कार करा. मनापासून करा. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका, पाठ मोडेल असं वाकवू नका, फाटलं तर लगेच चिकटवा. पण नमस्कार झाला की ते खाली काढा, आणि एक शब्द तरी विचारा. मी काही फार जाणता नाही, चुकतही असेन. पण पुस्तकाला काय हवं असतं, एवढं मात्र मी या वेळी 'बहुधा' न लावता सांगू शकतो.

पट्टीखाली अजून थोडं खाजतं. राबिया तिचा शब्द शोधते आहे, आणि मी उघडा पडून आहे.